शेवटचं रीळ माधवनगरहून यायचं

परवा मुलीनं आणि जावयानं मला पुण्यात एका नव्या थिएटरात नेलं. मारामारीचा सिनेमा होता. नायकानं गच्चीवरून उडी मारली, हेलिकॉप्टरला लोंबकळला, हेलिकॉप्टर फुटलं, तो खाली आला, कोट झटकला आणि चालू लागला. मला डुलकी लागली. मुलीनं कोपरानं ढोसलं आणि कानात म्हणाली, "बाबा, घोरू नका, लोक बघतायत." बाहेर आल्यावर जावयानं विचारलं, कसा वाटला? मी म्हटलं, आवाज चांगला होता. जावईमाणूस, त्याच्यापुढे किती खरं बोलणार.

मी सांगलीत एका टॉकीजमध्ये ऑपरेटर होतो. मारामारीच्या सिनेमांवर माझा संसार झाला, त्यामुळे त्यांना नावं ठेवण्याचा अधिकार मला नाही असं आमच्या सौभाग्यवतींचं मत आहे. पण जो आचारी तीस वर्षं लग्नाच्या पंक्ती उठवतो त्यालाच बुंदी कधी बिघडली ते कळतं. मारामारीचा सिनेमा बिघडला तो नव्वदच्या पुढे. आधीच्या सिनेमातही नायकच जिंकायचा, नाही असं नाही. पण तो जिंकेल की नाही याची धाकधूक असायची. मी एकेक सिनेमा पन्नास-साठ वेळा बघायचो, तरी पुलावरच्या मारामारीला माझा हात यंत्रावर घट्ट व्हायचा. पुढे पुढे मी मारामारी चालू असताना डबा खायला लागलो.

हे नुसतं माझंच नव्हतं. आमच्याकडे तालमीतली पोरं टोळीनं यायची आणि पुढच्या रांगेत बसायची. पूर्वी ती खुर्चीवर उभी राहून नायकाला डाव सांगायची. नंतर नंतर ती नुसती हसायची. तासगावचे एक बागायतदार दर पंधरवड्याला येत आणि माझ्यासाठी मूठभर बेदाणे आणत. ते इंटरव्हलला खिन्न चेहऱ्यानं विचारत, "जुनं काय आणत न्हाई व्हय मालक तुमचं?" आणि सगळ्यात वरताण होते सुभेदार.

सुभेदार साताऱ्याकडचे. त्यांच्या गावात घरटी एक माणूस फौजेत. निवृत्त झाल्यावर ते सांगलीला लेकीकडे यायचे, दुपारी करमायचं नाही, मग टॉकीज. सिनेमाचे शौकीन नव्हेत, वेळ काढायला आलेले. पण सिनेमा फसला की केबिनचा जिना चढून वर येऊन मला जाब विचारायचे, जणू मीच तो काढलाय. त्यांना मी दारात स्टूल द्यायचो. केबिनमध्ये बाहेरच्याला मनाई असे आणि त्यांना मनाई करायची कुणाची छाती नव्हती.

आता आमचा धंदा थोडा सांगितला पाहिजे, त्याशिवाय पुढची गोष्ट कळायची नाही. तेव्हा सिनेमा म्हणजे फिल्मची रिळं. एका सिनेमाची पंधरा-सोळा, प्रत्येक रीळ पत्र्याच्या गोल डब्यात. एक रीळ दहा मिनिटांत संपतं. केबिनमध्ये दोन यंत्रं असतात. एकावर रीळ चालू असताना दुसऱ्यावर पुढचं चढवून ठेवायचं, पडद्याच्या कोपऱ्यात ठिपका चमकला की दुसरं सुरू करायचं आणि पहिलं बंद. प्रेक्षकाला पत्ताही लागत नाही. उजेडासाठी आमच्याकडे कार्बनच्या कांड्या होत्या. दोन कांड्यांच्या टोकांमध्ये ज्योत धगधगायची आणि कांड्या जळत जातील तशा हातानं जवळ आणाव्या लागायच्या. हात काढला की पडदा काळवंडायचा. त्यामुळे खेळ चालू असताना ऑपरेटर केबिन सोडून जाऊ शकत नाही. घरी काही होवो, दारी काही होवो.

नवा सिनेमा आला की त्याच्या प्रती कमी आणि टॉकीजं जास्त. मग एकच प्रत दोन टॉकीजना मिळून चालवायची. आमची जोडी माधवनगरच्या टॉकीजशी होती. त्यांचा खेळ आधी सुरू व्हायचा, आमचा तासाभरानं. तिकडे रिळं संपतील तशी ती, पुन्हा सुरुवातीपासून लावता यावीत म्हणून, उलटी गुंडाळून आमच्याकडे यायची. ती आणायचं काम दत्तूचं.

दत्तू माधवनगरचाच. कापडगिरणीत होता, गिरणी थंडावल्यावर आमच्याकडे लागला. जुनी राजदूत मोटारसायकल, पाठीवर गोणपाटाची पिशवी, पिशवीत डबे. डबे गाडीला बांधायचे नाहीत ही त्याची पद्धत. बांधा-सोडायला वेळ जातो म्हणायचा. आणि दुसरं म्हणजे गाडीचं काही झालं तरी डबे अंगावर राहतात. त्याची बायको सुलभा आमच्या आवारात शेंगा-फुटाणे विकायची. दुपारच्या खेळाला शेवटची पिशवी पोचली की दत्तूचं तेवढ्यापुरतं काम संपे. सुलभा पाटी आवरून बसलेली असे. मग दोघं राजदूतवरून घटकाभर घरी. मला वरच्या खिडकीतून ती जाताना दिसायची. तिच्या मांडीवर पाटी, तिचा एक हात त्याच्या खांद्यावर.

रविवार होता. तीनचा खेळ. गळिताचा हंगाम जोरात चालू होता आणि माधवनगर रस्त्याला कारखान्याकडं जाणाऱ्या उसाच्या गाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली. सिनेमा नवा, नायक मोठा, आणि पहिल्या आठवड्याचा रविवार म्हणजे टॉकीज खचाखच भरलेलं. माझा जोडीदार ऑपरेटर लग्नाला गेला होता, त्यामुळे दोन्ही यंत्रं माझ्या एकट्याच्या गळ्यात.

इंटरव्हलला सुभेदार वर आले. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"गड्या, ह्यो हिरो मला पसंत न्हाई," ते म्हणाले.

"का हो? चांगली बारा माणसं लोळवली की त्यानं."

"त्येच तर. बारा लोळवली आनि श्वास फुलला न्हाई. मी फौजेत जवान बघितलेत. वाघासारखी पोरं, पन गोळी चालू झाली की तोंडाला कोरड पडायची. पानी प्या म्हनलं तर घोट गिळवायचा न्हाई. ह्येला कशाचं भ्याच न्हाई. मग मी ह्येच्यासाठी कशाला भिऊ?"

मला ते पटलं होतं, पण दुपारभर मला तोच सिनेमा चालवायचा होता.

तेवढ्यात दत्तू पिशवी टाकून गेला. त्यात इंटरव्हलनंतरची बहुतेक रिळं होती. शेवटची दोन माधवनगरला अजून पडद्यावर होती. "ती घिऊन आलोच," म्हणाला आणि दोन-दोन पायऱ्या टाकत खाली उतरला. खेळ सुरू झाला.

नेहमीच्या हिशेबानं शेवटची पिशवी माझ्याकडे यायची तेव्हा माझ्या हातात दोन रिळं शिल्लक असत. त्या दिवशी दोनातलं एक चढवलं तरी दत्तूचा पत्ता नाही. म्हटलं, उसाच्या गाड्यांत अडकला असेल. मोटारसायकल निघते त्यातून. शेवटचं एक राहिलं तेव्हा सुलभा जिना चढून आली. पाटी काखेत, पदर खोचलेला.

"वसंतभाऊ, आलं न्हाईत व्हय अजून?"

"येतील. रस्त्याला ऊस आहे."

"ऊस रोजच हाय की," ती म्हणाली आणि खाली गेली.

मी ऑफिसात मालकांना ओरडून माधवनगरला फोन लावायला सांगितलं. मालक जिन्याच्या तोंडाशी येऊन म्हणाले, "तो कधीच निघालाय तिथून." त्यांच्या आवाजात राग होता. दत्तू रस्त्यात रेंगाळणारा माणूस नव्हता. हातात डबे असताना त्यानं कधी कुणाशी गप्पा मारल्या नाहीत, चहा घेतला नाही.

केबिनला मागं एक छोटी खिडकी होती, ती आवारात उघडायची. मी एक हात कांडीच्या चाकावर ठेवून तिथून बघत होतो. सुलभा फाटकाशी उभी होती. सुभेदारही कंटाळून खेळ सोडून बाहेर आले होते आणि टपरीवर चहा पीत होते. एक रिक्षा आत शिरली. रिक्षावाला टपरीवाल्याला सांगत होता, आणि आवारात शुकशुकाट असल्यामुळे मला वर शब्द न् शब्द ऐकू आला.

"माधवनगर रोडला उसाची ट्रॉली पालथी झालीया. एक मोटारसायकलवाला खाली गावलाय म्हनत्यात. ऊस उपसाय लागल्यात लोक."

"कंची गाडी?" सुलभानं विचारलं. अगदी हळू.

रिक्षावाला तिला ओळखत नव्हता. "राजदूत हाय वाटतं. नुस्तं चाक दिसतंय."

तिच्या काखेतली पाटी खाली पडली, शेंगा सगळीकडे पसरल्या. ती ओरडली नाही. फाटकातून तशीच पायी निघाली. सुभेदारांनी कप ठेवला, पुढं होऊन तिला दंडाला धरून थांबवलं आणि रिक्षात बसवलं. स्वतः शेजारी बसले. "घे रं मागं," त्यांनी रिक्षावाल्याला सांगितलं, आणि रिक्षा गेली.

आणि मी वर. माझ्यासमोर नायक बंदुका घेतलेल्या माणसांच्या मधून धावत होता आणि त्याला एकही गोळी लागत नव्हती. आतली माणसं शिट्ट्या मारत होती. मला ते यंत्र लाथेनं पाडावंसं वाटलं. पण कांडी सोडली तर पडदा काळा, आणि आत आठशे माणसं. पूर्वी एकदा रीळ उशिरा आलं तेव्हा लोकांनी खुर्च्या मोडल्या होत्या आणि चेंगराचेंगरीत एका बाईचा हात मोडला होता. दत्तू माझा भाऊ नव्हता, पण रोज मी जिन्यावरच्या त्याच्या पावलांच्या आवाजावर जगत होतो. त्याच्याकडे मी जाऊ शकत नाही, ही गोष्ट मला अजून सोसत नाही.

मालक वर आले. घाम पुसत म्हणाले, "डबे कुठं असतील?"

मी म्हटलं, "साहेब, माणूस उसाखाली आहे."

"होय, तेच म्हणतोय मी," मालक म्हणाले. वाईट माणूस नव्हते ते. त्यांच्या तोंडून आधी डबे निघाले, एवढंच. मग खालच्या आवाजात म्हणाले, "आता आत काय लावणार?"

पडद्यावरचं रीळ संपत आलं होतं आणि दुसरं यंत्र रिकामं. ऑपरेटरच्या पोतडीत अशा वेळेसाठी काही युक्त्या असतात. जाहिरातींच्या काचा, म्हणजे स्लाइडी, लावायच्या, एखादं गाण्याचं रीळ पुन्हा दाखवायचं. काचा लावल्या तर लोक उठले असते. गाणं इंटरव्हलच्या आधी होऊन गेलेलं आणि ते रीळ दत्तूनं परत नेलेलं. माझ्याकडे गोदामातल्या मारामारीचं रीळ उलटं गुंडाळून तयार होतं, अर्ध्या तासापूर्वी दाखवलेलं. मी तेच चढवलं. ठिपका चमकला, यंत्र बदललं.

मी कान देऊन उभा राहिलो. कुणी काही बोललं नाही. शिट्ट्या तशाच. नायकानं त्याच माणसांना त्याच पिंपांवर आपटलं आणि लोकांनी परत टाळ्या दिल्या. पाच मारामाऱ्या एकाच साच्यातल्या, त्यात सहावी खपून गेली. इतर दिवशी मी पोट धरून हसलो असतो आणि चार लोकांना सांगितलं असतं. त्या दिवशी मला त्या सिनेमाची किळस आली. निम्मं रीळ होऊन गेल्यावर पुढच्या रांगेतून तालमीतल्या एका पोराचा आवाज आला, "आरं, ह्यो टकल्या मघाशीच मेलता की." सगळं टॉकीज हसलं. आणि मग पाय आपटायला सुरुवात झाली. फरशीवर आठशे माणसांचे पाय आपटायला लागले की केबिनची भिंत थरथरते. मालक दाराशी उभे राहून देवाचं नाव घेत होते.

त्या आवाजात मला जिन्याचा आवाज आलाच नाही. दार ढकललं गेलं आणि दत्तू आत आला. पायात चप्पल नाही, अंगावर चिखल, छाती भात्यासारखी वरखाली होत होती. पाठीवर पिशवी.

"पंक्चर," तो म्हणाला. तेवढंच त्याला बोलता आलं.

मी त्याच्या पाठीवरून पिशवी ओढली, डबा उघडला आणि रीळ चढवलं. लाज वाटते, पण आधी रीळच चढवलं. हातांना तीच सवय. पडद्यावर नवं चित्र आलं, पाय आपटणं थांबलं, आणि मग मी त्याला धरलं. त्याच्या पाठीला, खांद्याला हात लावून बघितला. मला रडू आवरेना. तो माझ्याकडे खुळ्यासारखा बघत राहिला.

झालं होतं असं. चाक पंक्चर झालं तसं त्यानं गाडी रस्त्याकडेला, थांबलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेला लागून स्टँडवर लावली आणि डबे घेऊन मळ्यातल्या आडवाटेनं पळत सुटला. तो गेल्यावर रांग पुढं सरकली, एका ट्रॉलीचं चाक साइडपट्टीवरून खाली घसरलं आणि सगळा ऊस त्याच्या गाडीवर आला. त्याला यातलं काहीच माहीत नव्हतं. तो तेव्हा कुणाच्या तरी पाटातून चालला होता.

"सुली कुठाय?" त्यानं विचारलं. "खाली शेंगा सांडल्यात सगळ्या."

मी सांगितलं. ऐकता ऐकता त्याचा चेहरा पांढरा पडला. तसाच जिन्याकडे निघाला आणि दोन पावलांवर खाली बसला. मालकांनी त्याला उचलून सुभेदारांच्या स्टुलावर बसवलं. म्हणाले, "मी माणूस पाठवतो स्कूटर देऊन. तू हलू नकोस, नाहीतर चुकामूक होईल." आणि पळत खाली गेले.

मग आम्ही दोघंच राहिलो. मी कांड्या सारत होतो, तो बसला होता. ती तिकडे उसाखाली त्याला शोधते आहे हे दोघांनाही दिसत होतं. स्टुलासमोर पडद्याकडे बघायची चौकोनी काच होती. बघायचं म्हणून नव्हे, समोर होतं म्हणून तो बघत राहिला. तेव्हा माझ्या लक्षात आलं की या माणसानं एवढ्या वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट बघितलेला नाही. शेवट आमच्या हातात दिला की तो घरी जायचा.

पडद्यावर नायकाला कड्यावरून ढकललं. तो खडकांवर आपटला, समुद्रात पडला. मग पाण्यातून वर आला आणि खलनायकाच्या बोटीवर चढला. केसांचा भांग जागच्या जागी होता.

"ह्येला लागलं न्हाई काय?" दत्तूनं विचारलं.

"नाही."

"बरं," तो म्हणाला. आणि परत जिन्याकडे कान लावून बसला.

शेवटच्या रिळात बोट फुटली, खलनायक मेला, लोकांनी टाळ्या वाजवल्या. पडदा पांढरा झाला. खुर्च्या वाजल्या, माणसं बोलत बोलत बाहेर पडू लागली. मी ज्योत विझवली. ती गर्दी खाली उतरत असताना तिला कापत कुणीतरी वर येत होतं.

सुलभा दारात उभी राहिली. मागे सुभेदार होते, ते अर्ध्या जिन्यातच थांबले. ती कोपरापर्यंत रक्तानं आणि चिखलानं माखलेली होती. उसाचं पान करवतीसारखं असतं, हे या भागातल्या पोराटोरांनाही ठाऊक आहे. गड्यांच्या हातात कोयते होते, हिनं नुसत्या हातांनी ऊस ओढला होता. मोटारसायकल मोकळी होईपर्यंत, आणि तिच्याखाली कुणी नाही हे दिसेपर्यंत.

तिनं त्याच्याकडे बघितलं. खालपासून वरपर्यंत. मग भिंतीला टेकून खाली बसली. दत्तू स्टुलावरून उतरून तिच्यासमोर जमिनीवर बसला. त्यानं तिचे दोन्ही हात उलटेपालटे करून बघितले. बराच वेळ बघितले. मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला,

"वसंतभाऊ, त्यो मरनार न्हाई हे आतल्या समद्यांस्नी म्हाईत हुतं?"

"होय," मी म्हटलं. "सगळ्यांना."

"मग मी कशापायी पळालो?"

सुलभा म्हणाली, "घरी चला." गाडी नव्हती, त्यामुळे दोघं चालतच निघाली. सहाच्या खेळाची रांग फाटकाबाहेर लागली होती, त्या रांगेच्या कडेकडेनं ती गेली, आणि रांगेतल्या कुणीही त्यांच्याकडे मान वर करून बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी मालकांना डबे आणायला दुसरा माणूस बघावा लागला.